न पाहिलेली झडती

आमच्या गावात तेव्हा सही करू शकणारी बाई मी एकटीच होते, आणि ही गोष्ट मला फार आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या आवडण्यातच आहे. पोलिसांचा दोष होता, कोर्टाच्या रीतीचाही होता. त्यावर मी वाटेल तेवढं बोलू शकते आणि बोलतेही. पण सही माझी होती.

गाव आष्टा आणि सांगली यांच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. नदीपलीकडे सांगली, म्हणजे संस्थान. आम्ही अलीकडचे, इंग्रजी मुलखातले, सातारा जिल्ह्यातले. चव्वेचाळीस-पंचेचाळीस साल असेल. महायुद्ध चालू होतं, रॉकेल मोजून मिळत होतं आणि गावातल्या घराआड घरातला कुणी ना कुणी पलटणीत होता. मी मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. वडील गेल्यावर सांगलीतलं बिऱ्हाड मोडून मी आणि आई इथे येऊन राहिलो होतो. वय चोवीस आणि लग्न झालेलं नाही, म्हणजे गावाला बारा महिने पुरेल एवढा विषय. त्या विषयावर माझ्या सहीमुळे पांघरूण पडतं, असं मला वाटायचं.

बाकीच्या बायका अंगठा उठवायच्या. मी टाक दौतीत बुडवून, जास्तीची शाई काठाला पुसून, झोकात सही करायची आणि खाली एक रेघ ओढायची. देवी टोचणाऱ्याचा कागद असो की पोस्टातलं काही असो, साक्षीला बाईमाणूस हवं झालं की लोक म्हणायचे, "मास्तरीनबाईंकडं जावा." पोलिसांना तर मी हवीच असायचे. घराची झडती घ्यायची तर गावातली दोन भली माणसं पंच म्हणून समोर उभी करावी लागत. काय सापडलं, कुठे सापडलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची. घरात बाई एकटी असेल तर पंचांत एक बाई हवी. पंचनाम्यात आमच्या नावापुढे 'प्रतिष्ठित' असं लिहीत. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मी आईला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता.

त्या पहिल्या वेळी मी खरोखर गेले होते. एका म्हातारीच्या घरात हवालदारांनी सगळी मडकी पालथी केली, पीठ सांडलं, म्हातारी माझ्याकडे बघून रडत राहिली. मला ते सहन झालं नाही. हवालदारांनी ते ओळखलं. पुढच्या खेपेला ते कागद घेऊनच शाळेत आले. "बाई, तुमी कशाला तितं त्या घाणीत येताय? झालंय सगळं बयाजवार. हितं सई करा." मला वाटलं, काय समजूतदार माणूस! त्यानंतर रीतच पडली. झडती तिकडे व्हायची, सही इकडे शाळेत. दुसरा पंच चावडीवर बसून अंगठा द्यायचा. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. लग्नात अक्षता लांबून टाकल्या तरी लागतात, तसंच काहीसं आम्ही धरून चाललो होतो.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो गुऱ्हाळांच्या दिवसांतला. मधली सुट्टी होती. हवालदार सायकल भिंतीला लावून आत आले, कागद टेबलावर ठेवला. मी वरवर नजर फिरवली. शिपायाच्या बायकोच्या घरात, कणगीच्या तळाशी, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली सोन्याची बोरमाळ पंचांसमक्ष मिळाली, असा मजकूर होता. शिपायाची बायको म्हणजे वरच्या आळीतली, माझ्याच वयाची, नवरा पलटणीत. गावात एका बागायतदारांकडे निवडण-टिपणाला जायची. माळ त्यांच्या घरची. हे बागायतदार आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन, शाळेच्या खोल्याही त्यांच्याच.

मी काय केलं? मास्तरीण ना मी! हवालदारांच्या लिहिण्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या. मग सही केली, खाली रेघ ओढली आणि घंटा द्यायला उठले.

संध्याकाळी आई दिवस मावळायच्या आत जेवायला बसली होती. आम्ही जैन, तिचा तो नेम कधी चुकला नाही. जेवता जेवता म्हणाली, "त्या पोरीला नेलं म्हणे तालुक्याला. चालवत नेलं. तू होतीस ना तिथे?"

"कुठे?"

"तिच्या घरी. झडतीला. तुझी सही आहे म्हणतात."

"सही आहे. मी गेले नव्हते."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "मग माळ कणगीतून काढताना पाहिली कुणी?"

मी म्हटलं, अगं, तशीच पद्धत असते. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडे एक म्हण तयार असायची. त्या दिवशी ती मुकाट्याने उठली आणि ताट घासायला घेतलं. तिथून माझ्या जिवाला जो घोर लागला तो दोन महिने सुटला नाही.

मी स्वतःशी भांडायचे. माळ तिनेच घेतली नसेल कशावरून? नवरा तीन वर्षं परमुलखात, रोज डोळ्यांपुढे दुसऱ्याचं सोनं. माणूसच आहे. मग मनात यायचं, घेतली असेल किंवा नसेल, मला काय ठाऊक? मी ठाऊक असल्यासारखी सही केली होती. वर्गात मी एका जागी बसेनाशी झाले. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या. मुली पाढे म्हणत असायच्या आणि कोणता पाढा चाललाय हेही मला कळायचं नाही.

चार दिवसांनी मी हवालदारांना रस्त्यात गाठलं. म्हटलं, माझं नाव त्या कागदावरून काढून टाका. ते आधी हसले. मग त्यांना कळलं की मी खरंच बोलतेय.

"बाई, कागद कोर्टात गेला. आता त्यो माजा न्हाई आन तुमचाबी न्हाई, सरकारचा हाय."

"पण मी पाहिलं नव्हतं."

"हळू बोला की. कुनी पुसलं तर तुमी खोटी सई केली म्हनून तुमच्यावरच यील. मला काय, माजी लय तर बदली हुईल." त्यांनी सायकलवर टांग टाकली. "आन माळ गावली हाय बाई. मी सोता काढलीया. उगं कशाला जिवाला लावून घेता?"

त्यांनी स्वतः काढली असेलही. तो माणूस दुष्ट नव्हता. घाईत होता. त्या घाईला मी दोन वर्षं हातभार लावत आले होते.

शिपायाची बायको कच्च्या कैदेत होती. जामीन मिळण्यासारखा गुन्हा. पण जामीन राहायला जमीनजुमला असलेला माणूस हवा आणि बागायतदारांच्या विरुद्ध उभं राहायची गावात कुणाची छाती नव्हती. तिला सासूसासरे नव्हते. माहेर लांब, कर्नाटकच्या हद्दीला. अशात महिनाभराने तिचा नवरा रजेवर आला.

तो सरळ शाळेत आला. उंच, रापलेला, खाकी कोट, पायांत पलटणीचे बूट. मुली त्या बुटांकडेच बघत राहिल्या. दाराबाहेर बूट काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"बाई, एक अर्ज लिवून पायजे. तुमच्यासारकं अक्षर गावात कुनाचं न्हाई म्हनत्यात."

मी म्हटलं, बसा. तो बसला नाही. "तीन वर्सांनी आलोय, बाई. अट्टावीस दिसांची रजा. त्यातलं पाच यायलाच गेलं. लगीन झालं तवा म्हैनाभर ऱ्हायलो आन गेलो. आता आलो तर घराला कुलूप. लोक सांगत्यात चोर हाय म्हनून. आवं, ती चोर न्हाई. मी तिला भेटून आलोय. मला जामीन ऱ्हायचंय."

मी अर्ज लिहिला. 'मेहेरबान साहेबांचे हुजुरास' इथपासून 'येणेप्रमाणे विनंती' इथपर्यंत. एकेक शब्द सावकाश लिहिला, त्यामुळे अक्षर आणखीच चांगलं आलं. त्याला पंचांबद्दल काही ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. दोनदा आलं. पण समोर तेवढा मोठा माणूस हात जोडून उभा असताना 'तुमच्या बायकोला तिथे बसवणारी मीच' हे म्हणायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

अर्ज परत आला. जमीन त्याच्या बापाच्या नावावर होती, बाप वारलेला, वारसाची नोंद झालेली नव्हती. उताऱ्यावर नाव नाही तर जामीन नाही. तो पुन्हा आला. मी वारसनोंदीचा अर्ज लिहिला. तलाठी म्हणाले, मुदतीची नोटीस लावावी लागेल, हरकती मागवाव्या लागतील. हे सगळं उरकेपर्यंत रजा संपणार, हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. तरी तो म्हणाला, "तुमी लिवा, बाई." आणि दुसऱ्या दिवशी तांब्याभर काकवी घेऊन आला. माझ्यासाठी. आईने तांब्या उंबऱ्याच्या आत घेतला नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "हे गोड तुझ्या घशाखाली उतरणार असेल तर घे." मी तांब्या शेजारी नेऊन दिला.

त्या रविवारी मी सांगलीला गेले. माझे मामा तिथे वकिली करायचे. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मामा झोपाळ्यावरून पाय सोडून सुपारी कातरत ऐकत होते.

"तिला वकील आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठून असणार? सरकार देत नाही का?"

"देतं. खुनाच्या खटल्यात देतं. फुकटचा वकील हवा होता तर तिने कुणाला तरी मारायला हवं होतं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले नाहीत. मग म्हणाले, "हे बघ, साक्षीला उभी राहशील तेव्हा विचारतील तेवढंच बोल. सही तुझी का? माझी. राजीखुशीने केली का? हो. खाली उतर. यात खोटं काही नाही. तुझ्या खरं बोलायच्या व्रताला धक्का नाही आणि नोकरीलाही नाही. खोटी सही केली असं आपणहून सांगितलंस तर उद्या तुझ्यावरच खटला. आईला घेऊन कुठे जाशील?"

"आणि ती?"

"तिचं तिचं नशीब. मी मामा म्हणून सांगतोय. वकील म्हणून विचारू नकोस."

परतताना पुलावरून नदी दिसत होती, अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. मला वाटलं, इथेच कुठेतरी मधे राहायला मिळालं तर किती बरं. त्याच तिरमिरीत दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तालुक्याला गेले. ठरवलं होतं, मॅजिस्ट्रेटसाहेबांना भेटायचं आणि तारखेची वाट न बघता सांगून मोकळं व्हायचं. तो शिपाई गावात असेपर्यंत ती सुटली पाहिजे. कोर्टाच्या पायऱ्या चढले. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "साहेब फिरतीवर आहेत. पुढच्या सोमवारी या."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. पायऱ्या उतरताना पाय हलके झाले होते. मनात म्हटलं, मी तर आले होते! साहेबच नाहीत त्याला मी काय करू? पुढच्या सोमवारी शाळेची तपासणी होती. मी गेले नाही. त्यानंतरचे दिवस मी 'उद्या' म्हणत काढले.

मंगळवारी सकाळी शिपाई निरोप घ्यायला आला. खांद्यावर ट्रंक. खटल्याची तारीख शुक्रवारची लागली होती, तीन दिवस उशिरा.

"बाई, रजा वाढवून मागितली, न्हाई दिली. काल तिला भेटून आलो. जाळीतनं बोललो." त्याने ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमी लय केलंसा आमच्यासाठी. तिलाबी सांगून आलोय."

मी फक्त मान हलवली. तो फाट्याकडे चालत गेला आणि मी वर्गात जाऊन खडू हातात घेतला. एक अक्षर लिहिता आलं नाही. मुलींना म्हटलं, आज चित्रं काढा.

गुरुवारी आईने मला न्हायला पाणी काढून दिलं. इतक्या दिवसांत ती या विषयावर फारसं बोलली नव्हती. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "एरवी तुझी जीभ चाबकासारखी. उद्या दातखीळ बसवून घेऊ नकोस. नोकरी गेली तर मी पापड लाटीन." मी तिच्यावरच ओरडले. तुला काय कळतं कोर्टातलं, असं काहीतरी बोलले. तिने बंबात आणखी दोन गोवऱ्या सारल्या.

कोर्टाची खोली लहान होती आणि माणसं फार. ती कठड्यामागे उभी होती. मी तिला धडधाकट पाहिली होती. आता गालांची हाडं वर आलेली. मला बघून तिने ओळखीचं हसल्यासारखं केलं. ते मला तेव्हा कळलं नाही. आधी हवालदारांची साक्ष झाली. मग दुसऱ्या पंचाची. तो बागायतदारांचा घरगडी, प्रत्येक प्रश्नाला "व्हय साहेब." प्रत्येक साक्षीनंतर मॅजिस्ट्रेट तिला विचारायचे, काही विचारायचं आहे का? ती म्हणायची, "काय इचारू? मी घेतली न्हाई." ते इंग्रजीत काहीतरी लिहून घ्यायचे.

माझं नाव पुकारलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं म्हणून झालं. सरकारच्या वतीने फौजदार विचारत होते.

"ही सही आपली?"

"माझी."

"राजीखुशीने केलीत?"

"हो."

"झालं. उतरा."

बस! मामांचं गणित तंतोतंत बरोबर आलं होतं. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. मी खाली उतरायला पाय उचलला तोच मॅजिस्ट्रेटनी रिवाजाप्रमाणे तिला विचारलं, काही विचारायचं आहे? ती म्हणाली, "व्हय."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"बाई, तुमी माज्या घरात कवा आला हुता?"

त्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. ती त्या दिवशी घरात होती. कोण आलं, कोण नाही, हे साऱ्या कोर्टात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी आले नव्हते," मी म्हटलं.

मॅजिस्ट्रेटचा टाक थांबला. "म्हणजे? सही कुठे केलीत?"

"शाळेत. मधल्या सुट्टीत."

"मजकूर वाचून केलीत?"

"नीट नाही वाचला. त्यातलं शुद्धलेखन सुधारलं."

मागे कुणीतरी खुसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "तुमच्यावर खटला भरायचा हुकूम मी आत्ता देऊ शकतो, हे कळतंय ना बाई?" मी म्हटलं, कळतंय. मग ते हवालदारांकडे वळले आणि त्यांना जे बोलले ते बरंच होतं. दुपारनंतर निकाल दिला. पुरावा विश्वासार्ह नाही, आरोपीची सुटका. माझ्यावर खटला काही झाला नाही. दोन महिन्यांत कोयनेच्या खोऱ्यात बदली झाली एवढंच, आणि आईला पापड लाटावे लागले नाहीत.

माळ तिने घेतली होती का, असं लोक मला वर्षानुवर्षं विचारत आले. मला माहीत नाही. बागायतदारीणबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की चोर सुटला. त्यांची माळ खरंच चोरीला गेली असेल तर त्यांनाही न्याय मिळाला नाही. खरं काय ते कळायची एकच वाट होती, दोन त्रयस्थ माणसांनी तिथे उभं राहून पाहायचं. तिथे कुणी उभंच नव्हतं. तालुक्याचं कोर्ट, त्याचे ते कागद, शिक्के, इंग्रजीत लिहिणारे साहेब, सगळं त्या रिकाम्या जागेवर उभं होतं. आणि तिच्यातर्फे नेमका प्रश्न विचारायला वकील लागला नाही, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तो प्रश्न तिने विचारला नसता तर मी निमूट खाली उतरले असते. उतरतच होते.

बाहेर आले तेव्हा ती पायरीवर बसली होती, मांडीवर एक गाठोडं. न्यायला कुणी आलेलं नव्हतं. मी गावापर्यंत बैलगाडी ठरवली होती. म्हटलं, चल. ती मुकाट्याने बसली. दोन्ही बाजूंना तुटलेला ऊस, पाचट जाळल्याचा वास.

"ते मंगळवारी गेलं न्हवं?" तिने विचारलं.

"हो. मंगळवारी."

"मला सांगत हुतं, बाई लई धडपडत्यात. अर्जावर अर्ज लिवत्यात." ती बोटाने गाठोड्याची गाठ चाचपत होती. "मी तितं बसून म्हनायची, देवा, बाईचं चांगलं कर. कागदावर तुमची सई हाय म्हनून हवालदार सांगायचा, पन मी त्यास्नी बोलले न्हाई. मला वाटायचं, दुसराच कायतरी कागद म्हनून तुमची सई घेतली आसंल. तुमाला ठावंच नसंल. म्हनून तर इचारलं मी आज. म्हनलं, बाई सांगतील की, मी तितं न्हवते म्हनून."

मी पाचटाच्या धुराकडे तोंड वळवलं.

"मग त्यो कागद माज्यावरचा हाय ह्ये तुमाला कवा कळलं?"

इथे शपथ नव्हती. फौजदार नव्हते, लिहून घेणारं कुणी नव्हतं. आजच सकाळी कळलं म्हटलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता. तिला तो ठेवायचाच होता.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं. "तुझं नाव वाचूनच सही केली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हंजी ते पयल्यांदा अर्ज लिवाय आलं, तवाबी?"

"हो."

"तवा रजेचं तेवीस दिस ऱ्हायलं हुतं त्यांचं."

"हो."

ती गाडीवानाला म्हणाली, "दादा, थांबीव गाडी." गाडी नीट थांबायच्या आतच ती उतरली. गाठोडं काखेत मारलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, अगं बस, गाव लांब आहे, तुझ्याने चालवणार नाही. दोनदा म्हटलं. ती ऊस तुटलेल्या रानाकडे बघत होती.

गाडीवानाने वळून विचारलं, "काय झालं वं, बाई? काय पडलं का मागं?"

"काही नाही. हळू हाका."

तो हळू हाकू लागला. ती मागून चालत होती, वीस-पंचवीस पावलांवरून. इतके दिवस कोंडून राहिल्याने तिची पावलं नीट पडत नव्हती. मला बसवेना. मी एक पाय खाली सोडून उतरायला लागले, तर ती जागच्या जागी थांबली. मी परत वर बसले, तेव्हा ती चालायला लागली. गाव अजून दोन कोस होतं.